फ्रिजसारखी आई



"आईनं नीट माया लावली असती तर पोर असं झालं नसतं." हे वाक्य आपल्यातल्या बहुतेकींनी ऐकलेलं आहे. बस्तीच्या पायरीवर, हळदीकुंकवाला, कुणाच्या घरी पारण्याला गेल्यावर. मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, डोळ्यांत बघत नाही, खेळण्यातल्या गाडीचं चाकच तेवढं फिरवत बसतं. मग डॉक्टर 'ऑटिझम' म्हणतात, आणि घरी येईपर्यंत बोट आईकडे वळलेलं असतं. नोकरी करते म्हणून, मोबाईल हातात दिला म्हणून, गरोदरपणी रडत होती म्हणून.

हे बोलणं अडाणीपणाचं, खेडवळ आहे असं आपण समजतो. तसं नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांतून हेच वाक्य शास्त्र म्हणून शिकवलं जात होतं, आणि त्याला नावही होतं, 'फ्रिजसारखी आई'. हे नाव कुठून आलं, किती बायकांना त्यानं पोळलं आणि ते खोटं कुणी पाडलं, ते आज सांगते.

सुरुवात शब्दापासून करू. 'ऑटिझम' हा शब्द स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास वापरला, तोही मुलांसाठी नव्हे. स्किझोफ्रेनियाचे मोठे रुग्ण स्वतःतच बुडून जातात, त्या अवस्थेला त्यांनी हे नाव दिलं. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो ते त्याचंच भाषांतर. गंमत बघा, मुनिमहाराजांना आपण 'आत्ममग्न' म्हणतो तेव्हा हात जोडतो, आणि लेकराला 'स्वमग्न' म्हटलं की पोटात गोळा येतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हेही लगेच सांगते. अशा मुलाला कुणी 'जन्मजात योगी' वगैरे म्हणायला लागलं की मला तितकाच राग येतो. ते मूल आहे. त्याला दुखतं, भूक लागते, आई हवी असते. शब्दामुळे वाटतं की त्याला जगाचं काही पडलेलं नाही, आणि पहिला गैरसमज तिथेच सुरू होतो.

१९२६ मध्ये मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांचं बारकाईनं वर्णन छापलं होतं. आज वाचणाऱ्याला ती मुलं लगेच ओळखू येतात. पण एका रशियन बाईचं लिखाण जगानं फारसं उघडूनच पाहिलं नाही, आणि ऑटिझम शोधल्याचा मान गेला लिओ कॅनर यांच्याकडे. कॅनर मूळचे युरोपातले ज्यू, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलांचे मनोविकारतज्ज्ञ. १९४३ साली त्यांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. पहिलं नाव होतं डोनाल्ड.

डोनाल्ड ट्रिपलेट मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. जन्म १९३३. बाप वकील, आईचं माहेर गावातल्या बँकेचं मालक. लहानपणीच त्याला गाणी पाठ, आकडे पाठ, पण आई खोलीत आली काय नि गेली काय, त्याला फरक पडत नसे. चार वर्षांचा व्हायच्या आतच डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला घरापासून लांब एका संस्थेत ठेवलं. त्या काळी हीच रीत होती. ठेवा आणि विसरा. वर्षभर आईबाप ठरावीक वेळी भेटून येत राहिले आणि मग, तिथल्या प्रमुखाला नको असतानाही, मुलाला उचलून घरी घेऊन आले. १९३८ मध्ये त्याला कॅनरकडे नेण्याआधी वडिलांनी तेहतीस पानांचं टाइप केलेलं पत्र पाठवलं. मूल काय खातं, काय म्हणतं, कशानं रडतं, सगळं.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. त्या तेहतीस पानांवरच कॅनरचा अभ्यास उभा राहिला. पण त्याच लेखात त्यांनी असंही लिहिलं की आईबापांनी ठेवलेल्या अशा बारीकसारीक नोंदी म्हणजे त्यांच्याच अतिकाटेकोर स्वभावाचा पुरावा आहे! म्हणजे वही ठेवली तर आई विचित्र, आणि नसती ठेवली तर निष्काळजी. त्यांनी हेही नोंदवलं की या घरांत खऱ्या अर्थानं मायाळू आईबाप फार थोडे दिसले. तरी लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिलं की ही मुलं जन्मतःच अशी असावीत. दोन्ही गोष्टी एकाच लेखात. लोकांनी त्यातली कोणती उचलली हे सांगायला नको.

ती अकराही घरं शिकलेली होती. डॉक्टर, प्राध्यापक, वकील. कॅनरना वाटलं, अशा थंड, पुस्तकी घरांतच अशी मुलं होतात. साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. बाल्टिमोरच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरपर्यंत लेकराला घेऊन जायला पैसा आणि ओळख कुणाकडे होती? मजुराचं मूल तिथपर्यंत पोचतच नव्हतं. पुढे याचा उलटा वार काळ्या बायकांवर झाला. हा आजार शिकलेल्या गोऱ्या घरातला, तुमच्या मुलाला तो कसा असेल, असं त्यांना डॉक्टरच ऐकवत. गोऱ्या आईला दोष मिळाला आणि काळ्या आईला निदानसुद्धा मिळालं नाही.

१९४९ साली कॅनर आणखी कडक झाले. ही मुलं जणू फ्रिजमध्ये नीटनेटकी ठेवलेली आहेत, आणि तो फ्रिज कधी वितळतच नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. आपल्यातल्या साठी गाठलेल्यांना ही उपमा बरोबर कळेल. जुन्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा डोंगर साचायचा, मग मधलं बटण दाबून खाली फडकी पसरायची आणि अर्धा दिवस पाणी टिपत बसायचं. डॉक्टरांनी आईची तुलना त्या बर्फाशी केली. १९६० मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं त्यांचं असंच बोलणं छापलं आणि उपमा घराघरांत पोचली.

कॅनरनी ठिणगी टाकली असेल, वणवा पेटवला तो ब्रुनो बेटलहाइम यांनी. हे व्हिएन्नाचे ज्यू. नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत सुमारे वर्षभर होते, १९३९ मध्ये सुटून अमेरिकेत आले. शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे ते १९४४ पासून जवळजवळ तीस वर्षं प्रमुख होते. १९६७ साली त्यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं, म्हणजे 'रिकामा किल्ला'. त्यांनी मांडलं असं, की छावणीतले कैदी जसे जगण्याची आशा सोडून आत मिटून घेत, तसं हे मूल मिटून घेतं, कारण आपण नसावं असंच आपल्या आईबापांना वाटतं हे त्याला कळतं. विचार करा, छावणीत कैदी म्हणजे मूल, तर पहारेकरी कोण? आई.

यावर उपाय म्हणून मुलाला आईपासून तोडणं सांगितलं जाई. मूल निवासी शाळेत आणि आई मनोविश्लेषकापुढे, 'तुम्हाला हे मूल नको का होतं?' या प्रश्नाचं उत्तर शोधत. वर्षानुवर्षं. बाई म्हणाली की मला हवं होतं, तर ती सत्य दडपते आहे. बाई रडली, तर अपराधी आहे म्हणून रडते. सुटायला वाटच नव्हती. बेटलहाइम दूरदर्शनवर येत, मासिकांत लिहीत, लोक त्यांना मुलांचे तारणहार मानत. १९९० मध्ये ते गेल्यावर शाळेतली जुनी मुलं पुढे आली आणि म्हणाली, ते आम्हाला मारत, अपमान करत. त्यांची डॉक्टरेट मानसशास्त्राची नव्हतीच, हेही तेव्हा सगळ्यांना कळलं. माणसानं स्वतः इतकं सोसलेलं असताना दुसऱ्याच्या दुःखाकडे बघायची त्याची नजर इतकी कठोर कशी होते, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

या सगळ्याला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापानं. बर्नार्ड रिमलँड अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ, सान दिएगोला राहणारे. त्यांचा मुलगा मार्क १९५६ चा. जन्मल्यापासून किंकाळ्या मारणारा, कुशीत न मावणारा. डॉक्टरांना काही कळेना. बायकोला, ग्लोरियाला, आठवलं की कॉलेजच्या कुठल्याशा पुस्तकात अशा मुलाबद्दल वाचलं होतं. जुनी पुस्तकं काढली आणि त्यात तो शब्द सापडला. मग रिमलँड मिळेल ते वाचत सुटले, आणि जितकं वाचलं तितकं त्यांना दिसत गेलं की आईच्या दोषाला पुरावा असा काहीच नाही, नुसती मतं आहेत. आईच थंड असती तर तिची बाकीची मुलं कशी ठीक निघाली? मूल पहिल्या दिवसापासूनच वेगळं होतं, मग आईनं बिघडवलं कधी? १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि प्रस्तावना लिहिली खुद्द कॅनरनी. पुस्तकाच्या शेवटी आईबापांसाठी एक प्रश्नावली छापली होती. ती भरून देशभरातून पत्रं यायला लागली. आपण एकट्याच आहोत असं समजणाऱ्या शेकडो घरांना एकमेकांचे पत्ते मिळाले. १९६५ मध्ये त्यातूनच पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. (हेच रिमलँड पुढे लशीमुळे ऑटिझम होतो म्हणणाऱ्यांच्या बाजूनं गेले, तेही सांगायला हवं. लशीचा तो १९९८ चा अभ्यास 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला. बाळाची लस त्या भीतीनं चुकवू नका.)

इंग्लंडमध्येही आईबापच पुढे आले. १९६२ मध्ये लंडनला पालकांनी संस्था काढली, त्यात लॉर्ना विंग होत्या. स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि लेक सुझी ऑटिस्टिक. एकाच साच्यातली मुलं नसतात, कुणी मुळीच बोलत नाही तर कुणी थांबतच नाही, हे पुढे त्यांनीच जगाला समजावलं. आज आपण 'स्पेक्ट्रम' म्हणतो ते त्यांच्या कामामुळे. बेटलहाइमचं पुस्तक ज्या वर्षी आलं त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या आईनं आपल्या लेकीबद्दल 'द सीज' लिहिलं. तिकडे रिकामा किल्ला, इकडे त्या किल्ल्याला प्रेमानं वेढा घालून बसलेली आई.

१९६९ साली वॉशिंग्टनला पालकांच्या संघटनेची सभा भरली. पंचाहत्तरीला टेकलेले कॅनर उभे राहिले आणि आईबापांना म्हणाले की मी तुम्हाला दोषमुक्त करतो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला मात्र ते वाचताना टाळ्या सुचल्या नाहीत. ज्या बायका वीस वर्षं आरशात खुनी बघत आल्या, त्यांना निर्दोष ठरवायचा अधिकार याच माणसाकडे कसा काय राहिला?

खरा निकाल आला तो १९७७ मध्ये. सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या एकवीस जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, ज्यांत निदान एकाला ऑटिझम होता. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांत चार जोड्या अशा निघाल्या की दोघांनाही ऑटिझम. वेगवेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत अशी एकही नाही. आई तीच, घर तेच, दूध तेच. फरक रक्तातल्या जनुकांचा. त्यानंतरच्या संशोधनानं ते पक्कंच केलं. अभ्यास लहान होता, पण फ्रिज त्यानं रिकामा केला.

आपल्याकडे काय झालं? दिल्लीत मेरी बरुआ या आईनं १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम'चं काम सुरू केलं, इथेही आईच. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत ते स्वतंत्रपणे आहे. म्हणजे प्रमाणपत्र मिळतं, शाळा नाकारता येत नाही, आणि नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमाही आहे. हे कागद कित्येक घरांत केलेच जात नाहीत. कारण विचारलं तर हळूच सांगतात, "थोरलीचं स्थळ बघायचंय, कागदावर नको."

आणि आपल्या समाजाचं आणखी एक खास आहे. अमेरिकेत आईला फ्रिज म्हटलं, आपण कर्म म्हणतो. "गेल्या जन्मीचं काहीतरी असणार हो तिचं." हे ऐकलं की मला स्वाध्यायात बसणाऱ्या बायकांचं आश्चर्य वाटतं. जो जीव कर्म बांधतो तोच ते भोगतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आईचं कर्म मुलाच्या खात्यावर जमा होतं असं कुठल्या ग्रंथात आहे? आणि मुलाचंच म्हणायचं, तर कोणाचं कुठलं कर्म उदयाला आलंय हे केवलींशिवाय कुणी जाणलं? ज्ञानावरणीय कर्म त्या लेकरालाच नाही, तुम्हाला-मलाही आहे, नाहीतर आपण इथे कशाला असतो. सत्याणुव्रतात तर दुसऱ्यावर संकट आणणारं खरंसुद्धा बोलू नये असं सांगितलंय. इथे तर ते खरं आहे की नाही हेही आपल्याला माहीत नाही.

शिवभूती मुनींची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. गुरूंनी शिकवलेलं त्यांच्या लक्षात राहत नसे. एका बाईला उडदाची डाळ पाखडताना, टरफल वेगळं करताना पाहिलं, आणि देह वेगळा, आत्मा वेगळा, हे तिथे उमगलं. तेवढ्यावर ते केवलज्ञानापर्यंत गेले. कुंदकुंदाचार्यांनी भावपाहुडात त्यांचं नाव घेतलंय. शिवभूती मुनींना ऑटिझम होता असं मी म्हणत नाही, कथेला ओढूनताणून काही चिकटवायला मला आवडत नाही. पण पाठांतरावरून जीवाची किंमत ठरवायची नाही, एवढं आचार्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, आणि आपण पाठशाळेत णमोकार मोठ्यानं न म्हणणाऱ्या मुलाला मागच्या ओळीत बसवतो.

त्यातही जेवणाचा विषय निघाला की आपली जीभ फार चालते. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना ठरावीक चव, ठरावीक रंग, ठरावीक कुरकुरीतपणाच चालतो. तो हट्ट नसतो. दुसरा घास तोंडात गेला की खरोखर ओकारी येते. माझ्या माहितीतल्या एका घरात मुलगा बटाट्याशिवाय काही खाईना. जैन घर, चातुर्मास, सासूबाईंची प्रतिमा घेतलेली. त्या माउलीनं काय ऐकून घेतलं असेल, तुम्हीच कल्पना करा. तिनं कच्च्या केळ्यापासून सुरुवात केली, तशाच फोडी, तसंच मीठ, त्याच ताटलीत. महिनोन् महिने गेले. पुढे तो केळ्याचे काप खायला लागला. पण त्या महिन्यांत कुणी तिला 'कंदमुळं खाऊ घालणारी' म्हटलं नसतं तर तिचं काय बिघडलं असतं? घंटेच्या आवाजाचंही तेच. कान झाकून किंचाळणाऱ्या मुलाला 'देवाचा आवाज सोसत नाही' म्हणणाऱ्या आहेत आपल्यात. गर्दीचा अभिषेक सोडून दुपारी शांत वेळी त्याला घेऊन या, म्हणजे तो कसा वेदीसमोर बसतो ते बघा.

मुलींचं तर वेगळंच. कॅनरच्या अकरात तीनच मुली होत्या, त्यामुळे हा मुलग्यांचा आजार असा समज बसला. आपल्याकडे गप्प बसणारी, मान खाली घालणारी, सांगेल तेवढंच करणारी मुलगी म्हणजे 'गुणी'. कोण कशाला डॉक्टरकडे नेतंय? चौदा-पंधराव्या वर्षी मैत्रिणींचे टोमणे कळेनासे होतात, शाळेतून आल्यावर ती दार लावून तासन् तास पडून राहते, आणि मग नाव पडतं 'तापट', 'शिष्ट', 'लग्नाचं कठीण'. दिवसभर दुसऱ्यांसारखं वागून वागून ती दमलेली असते, हे कुणाला सुचत नाही.

डोनाल्डचं पुढे काय झालं ते राहिलं. नऊ वर्षांचा असताना त्याला गावाजवळच्या लुईस नावाच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. कॅनर १९४५ मध्ये तिथे गेले आणि थक्क झाले. पोराला मोजमापाचं वेड, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून खोली मोजायला सांगितली. मेलेले पक्षी गोळा करायचा, तर एक जागा दिली, तिथे तो पाट्या लावून त्यांना पुरायचा. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले, आणि तो नांगरायला शिकला. त्या दोघांनी मानसशास्त्राचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

मग तो शाळेत गेला, कॉलेज पूर्ण केलं, गावच्या बँकेत हिशेबाचं काम केलं. सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला. रोज गोल्फ खेळायचा. आईबाप गेल्यावर त्याच घरात राहिला आणि एकट्यानं तीसहून अधिक देश फिरून आला. २०२३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. त्याच्या म्हातारपणी दोन पत्रकार त्याला शोधत फॉरेस्टला पोचले होते, तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांना आधी बजावलं, डॉनला तुमच्यामुळे काही त्रास झाला तर तुम्हाला कुठे गाठायचं ते आम्हाला माहीत आहे.